लांडगिणीचा पत्ता

हर्षल बेंबळकर रविवारी सकाळी नऊ वाजता आला तो पेढ्यांचा पुडा घेऊनच. सोलापुरात त्याचा दातांचा दवाखाना चांगला चालायचा, पण जीव अडकलेला कॅमेऱ्यात. हेमलताबाई निंबर्गींच्या शनिवारच्या फोटोग्राफीच्या वर्गाला तो सहा वर्षं न चुकता येत होता. सगळ्या विद्यार्थ्यांत बाईंचा जीव होता तो त्याच्यावरच.

"मॅडम, आधी तोंड गोड करा," तो म्हणाला. "मग दाखवतो."

बाईंनी पेढा हातात घेतला. हर्षलनं टॅब्लेट त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर उपग्रहानं घेतलेलं जमिनीचं चित्र होतं. पिवळट तपकिरी माळ, मधून गेलेला कोरडा ओढा, हिवराची दोन झाडं आणि ओढ्याच्या वळणावर एक लाल ठिपका.

"ओळखा बरं कुठलं ते."

ओळखायला बाईंना क्षणही लागला नाही. तो बोरमाळ होता. आणि ठिपका होता तिथे मुरमाच्या दरडीत लांडगिणीचं बीळ होतं. त्या बिळाचा पत्ता या जगात दोनच माणसांना ठाऊक होता, एक त्यांना स्वतःला आणि दुसरा बिरू यमगर या धनगराला.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही. तुमच्याच फोटोवरून काढलं." अवघड गणित सोडवून वही पुढे करणाऱ्या मुलासारखा हर्षलचा चेहरा फुलला होता. "बारा मीटरच्या आत, मॅडम. मी तिकडे गेलेलो नाही, जाणारही नाही. पण काय यंत्र आहे बघा."

बाईंनी पेढा तसाच पुड्यात ठेवून दिला.

हेमलताबाईंनी एका इस्पितळाच्या क्ष-किरण विभागात एकतीस वर्षं नोकरी केली होती. लग्न केलं नव्हतं. पस्तिसाव्या वर्षी जुना कॅमेरा विकत घेतला, आणि सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांचे फोटो काढता काढता एकदा बोरमाळावर त्यांना लांडगा दिसला. त्या दिवसापासून त्या लांडग्यांच्याच झाल्या. दर हिवाळ्यात, पिल्लं बाहेर येऊ लागली की त्या पहाटे जाऊन घोंगडी पांघरून गवतात पालथ्या पडत. कापडी पिशवीत मोहरी भरून तिच्यावर लांब लेन्स टेकवायची आणि वाट बघायची. कधी चार तास, कधी दहा. असे फोटो दुसऱ्या कुणाकडे नव्हते. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, कॅलेंडरांवर ते झळकले. लोकांनी शेकडो वेळा विचारलं, 'कुठे काढलेत?' बाई हसून म्हणायच्या, 'दख्खनच्या पठारावर.' त्याहून एक अक्षर जास्त नाही.

वर्गातही त्यांचा पहिला धडा हाच असे. कॅमेऱ्यातली ठिकाणाची नोंद बंद ठेवा. जमिनीला पोट लावा, लेन्स प्राण्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणा. लेन्सचं तोंड पूर्ण उघडा, म्हणजे डोळा तेवढा लख्ख येईल आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळून जाईल. "त्यानं प्राणी उठून दिसतो," त्या सांगत, "आणि त्याचं घरही झाकलेलं राहतं."

हर्षलच्या हातातल्या यंत्रानं नेमकं तेच झाकण उघडलं होतं.

त्याचं नाव होतं 'भूवेध'. दोन हजार चौतीस साल होतं, आणि ते येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मुळात ते बनवलं गेलं माणसं वाचवण्यासाठी. डोंगरात वाट चुकलेल्यानं, दरडीखाली अडकलेल्यानं एखादा फोटो पाठवला, की तो कुठला ते शोधून काढायचं. पहिल्या पावसाळ्यातच त्यानं दोनशेहून जास्त जीव वाचवले होते, त्यामुळे त्याला नावं ठेवायला जागा नव्हती.

हर्षलनं ते समजावून सांगितलं तेव्हा बाईंना लगेच कळलं, कारण आयुष्यभर त्यांनी सावल्याच वाचल्या होत्या. फोटोत मागची पार्श्वभूमी धूसर होते म्हणजे ती नाहीशी होत नाही. मागच्या गवताच्या काडीवरून आलेला प्रकाश एका बिंदूत गोळा व्हायच्या ऐवजी छोट्या चकतीसारखा पसरतो. अशा लाखो चकत्या एकमेकींवर पडतात आणि आपल्या डोळ्याला नुसता रंग दिसतो. पण प्रत्येक लेन्स प्रकाश कसा पसरवते याची स्वतःची एक ढब असते. त्याच लेन्सनं काढलेले हजारो फोटो मिळाले, की यंत्र ती ढब शिकतं आणि पसरलेलं पुन्हा गोळा करतं. सांडलेली साखर दाणा दाणा वेचून वाटीत भरावी तसं.

एवढं झालं की काम सोपं. मुरमाचा रंग, त्यात चुनखडीचं प्रमाण, पवना गवत किती आणि कुसळी किती, सावली कुठल्या बाजूला किती लांब पडली आहे, क्षितिजाची रेघ कुठे दबली आहे. उपग्रहांनी गेली दहा वर्षं दर चार दिवसांनी जमिनीची वीत न् वीत टिपून ठेवली आहे. त्याच्याशी हे सगळं ताडून पाहायचं. माणसाला सगळे माळ सारखे दिसतात. यंत्राला मात्र प्रत्येक एकराचा चेहरा वेगळा दिसतो.

"यातला एखादा फोटो घालून बघ," बाईंनी आपला संगणक उघडून दिला. त्यांनी मुद्दाम असा फोटो निवडला की ज्यात लांडगिणीचा एक डोळा आणि कपाळावरचे केस होते. बाकी सगळा पिवळा धुरळा.

अकरा सेकंदांनी लाल ठिपका आला. त्याच वळणावर.

"तू हे आणखी कुणाला दाखवलंस?"

"नाही, मॅडम. तुमची शपथ." आता हर्षलच्याही ध्यानात येऊ लागलं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "पण मी दाखवायची गरजच नाही ना. ज्याच्याकडे फोन आहे त्याला हे फुकट आहे."

त्या आठवड्यात हेमलताबाईंनी आपल्या संकेतस्थळावरचे चार हजारांवर फोटो काढून टाकले. हर्षल दवाखाना बंद करून त्यांच्या मदतीला येत होता. पण तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी त्यांना सकाळचा 'सुप्रभात' पाठवला तो त्यांच्याच लांडगिणीचा. खाली गुलाबाची फुलं, वर सुविचार. अशी किती घरांत, किती फोनांत ती पोचली होती, कोण मोजणार? सोडलेला बाण होता तो.

त्यांनी भूवेध बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं. उत्तर दोन दिवसांत आलं, आणि अतिशय सभ्य होतं. आपण जागा उघड केलेली नाही हे आम्हाला मान्य आहे. आम्हीही कुणाची माहिती चोरलेली नाही. उघड्यावर असलेल्या चित्रातून काढलेला निष्कर्ष कुणाच्याच मालकीचा नसतो.

मग त्या वनक्षेत्रपाल रेश्मा तडवींकडे गेल्या. तडवी तरुण होत्या, कामाच्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला.

"मॅडम, बोरमाळ कागदावर जंगलच नाहीये. निम्मा गायरान, निम्मा खाजगी. माझ्याकडे वनरक्षक चार. कुणी बिळाला हात लावला, तर मी त्याला आत टाकीन. पण कुणी फोटो बघितला म्हणून, किंवा रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली म्हणून मी काय करू?"

"म्हणजे काहीतरी वाईट होईपर्यंत थांबायचं?"

चहा निवून गेला.

बिरू यमगर सत्तरीचे होते. अठरा वर्षांपूर्वी गवतात पालथी पडलेली बाई बघून त्यांना वाटलं होतं, पान लागून, म्हणजे साप चावून, मेली. हाक मारायला गेले, तर बाईंनी ओठावर बोट ठेवून त्यांनाच गप्प केलं. तिथून ओळख. पुढे तीन वर्षांनी त्यांनी बीळ दाखवलं, पण आधी बिरोबाच्या भंडाऱ्यावर हात ठेवायला लावला. "गावाला कळलं, तर बिळात धूर घालत्याल," ते म्हणाले होते. लांडगीण वर्षाला त्यांची दोन-तीन मेंढरं न्यायची. तिचा वाटा म्हणून ते सोडून द्यायचे.

बाई मेंढवाड्यापाशी पोचल्या तेव्हा बिरूआण्णा एका कोकराच्या पायातला काटा काढत होते. बाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"तुमी सांगितलं का कुणाला?" आण्णांनी विचारलं.

"नाही."

"मी बी न्हाई. मंग कळलं कसं?"

"माझ्या फोटोतल्या गवतावरून. मातीवरून."

आण्णांनी कोकरू खाली सोडलं. ते लंगडत आईकडे गेलं. आण्णा माळाकडे वळले. "गवातच चुगली कराया लागलं म्हंजे मग माणसानं तोंड शिवून काय उपेग," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"पिल्लं झालीत का, आण्णा?"

"चार हायेत. अजून डोळं उघडायचंत."

पहिल्या गाड्या नाताळच्या सुट्टीत आल्या. आधी तीन, दुसऱ्या दिवशी नऊ, आणि त्या शनिवारी सत्तावीस. पिल्लं तोवर बिळाच्या तोंडाशी येऊन बसू लागली होती. हेमलताबाई आणि हर्षल भल्या सकाळीच पोचले होते. वाटेत बाईंनी मनाशी पुष्कळ कठोर वाक्यं जुळवली होती. पण तिथे गेल्यावर ती कुणाला म्हणायची तेच कळेना.

कारण आलेली माणसं वाईट नव्हती. कुणी इंजिन चालू ठेवलं नव्हतं, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. कचरा नाही, गाणी नाहीत. मातकट रंगाचे कपडे, पोटावर पडून लावलेल्या लेन्स, मोहरीच्या पिशव्या. आणि प्रत्येकजण बिळापासून शंभर मीटर अंतर राखून होता. हा शंभर मीटरचा नियम बाईंनीच शिकवला होता. विद्यार्थ्यांनी तो आणखी दहांना सांगितला, दहांनी शंभरांना.

एका माणसानं शंभर मीटर अंतर ठेवलं, तर लांडगिणीला यायला सगळा माळ मोकळा राहतो. सत्तावीस गाड्यांनी चारी बाजूंनी ठेवलं, की त्याचं रिंगण होतं. पिल्लं रिंगणाच्या आत होती. आणि शिकारीवरून परतलेली मादी बाहेर, अर्ध्या किलोमीटरवर, बोरीच्या झुडपाशी उभी होती. बाईंनी दुर्बिणीतून पाहिलं. ती चार पावलं यायची, थांबायची, माघारी वळायची. पुन्हा दुसऱ्या बाजूनं चार पावलं.

बाई गाडीगाडीशी गेल्या. लोकांनी त्यांना ओळखलं. "मॅडम, तुम्ही? केवढं भाग्य." एकानं फोटोसाठी शेजारी उभं राहायची विनंती केली. दुसऱ्यानं दबक्या आवाजात विचारलं, "मॅडम, प्रकाश कमी आहे, शटर किती ठेवू?"

"निघून जा," बाई म्हणाल्या. "तिला आत यायला वाट द्या. पिल्लं उपाशी आहेत."

तो माणूस ओशाळला, सामान आवरून खरंच निघून गेला. असे पुष्कळजण गेले. अकरा वाजेपर्यंत चौदा गाड्या हलल्या. तोवर रस्त्यावरून सोळा नव्या आल्या होत्या. हर्षल फाट्यावर हात पसरून उभा राहिला, तर लोक त्याला बगल देऊन माळातून आले.

त्यांतल्या एका गाडीत साठ-पासष्टचा एक गृहस्थ होता, सोबत मुलगी. काठी घेऊन चालत होता. बाईंनी त्यालाही तेच सांगितलं.

"बाई, मी पाचशे किलोमीटरवरून आलोय," तो शांतपणे म्हणाला. "डॉक्टरांनी मला फार दिवस दिलेले नाहीत. तुमचे फोटो घरात लावलेत मी. तुम्ही अठरा वर्षं बघितलंत यांना. आम्ही एक सकाळ नाही का बघायची?"

हेमलताबाईंनी त्याला बसायला आपली दुमडती खुर्ची दिली, आणि ती दिल्याबद्दल पुढे कित्येक दिवस त्या स्वतःला कोसत राहिल्या.

सोमवारी माळ रिकामा झाला तेव्हा मादी आली. चारांतलं एक पिल्लू बिळाच्या तोंडाशी मरून पडलं होतं. उरलेली तीन तिनं एकेक करून मानगुटीला धरून नेली. कुठे, ते बिरूआण्णांनी बघितलं आणि सांगितलं नाही. बाईंनी विचारलंही नाही.

त्या दिवशी हेमलताबाईंनी एक गोष्ट ठरवली. आजवर फोटोच्या बाबतीत त्या एकदाही खोटं बोलल्या नव्हत्या. फोटोतली एक काडीसुद्धा त्यांनी कधी पुसली नव्हती. आता त्यांनी आपल्या नावानं जाहीर केलं, की बोरमाळावरची लांडगीण पिल्लांसह मरण पावली आहे, मी स्वतः पाहिलं, आता कुणी येऊ नये.

अर्ध्या तासात शोकसंदेश सुरू झाले. तासाभरानं एकानं आदरपूर्वक लिहिलं: 'मॅडम, आपल्या भावना समजतात. पण भूवेधची नवी आवृत्ती पाहिलीत का? ती बिळाच्या संभाव्य जागा देते. बोरमाळावर नऊ आहेत. चौथ्या जागेची शक्यता ब्याऐंशी टक्के.'

हर्षल धावतपळत आला. दोघांनी मिळून ते नऊ ठिपके बघितले.

"हे कशावरून काढलं यांनी?" बाईंनी विचारलं.

"तुमच्यावरूनच, मॅडम. पंधरा वर्षं, दर वर्षीचं बीळ. कुठल्या साली त्रास झाल्यावर ती कुठे हलली, किती दिवसांनी परत आली. एवढ्या चिकाटीनं एवढी वर्षं दुसऱ्या कुणी एका मादीच्या घराण्याचे फोटो काढलेलेच नाहीत. देशात कुठेच नाहीत. म्हणून त्याला इथलं इतकं नेमकं सांगता येतं."

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. प्रत्येक ठिपका त्यांच्या ओळखीचा होता. तिसऱ्यापाशी त्यांना ताप भरला होता आणि तरी त्या सहा तास पडून होत्या. सातव्यापाशी पिल्लू त्यांच्या लेन्सला नाक लावून गेलं होतं. माळावर लांडगिणीला लपायला जी जी जागा होती, तिथे तिथे त्या आधीच जाऊन आल्या होत्या.

"आपण खोटे फोटो घालू या का? दुसऱ्या माळाचे?" हर्षल म्हणाला. त्यानं ते करूनही पाहिलं. दोन रात्री जागून सहाशे फोटो घातले. यंत्रानं ते विसंगत म्हणून बाजूला काढले, आणि त्याचे आभार मानले.

गुरुवारी चौथ्या जागेवर गाड्या लागल्या. शुक्रवारी मादी पुन्हा हलली. या वेळी नऊपैकी कुठेच नाही. ती कालव्यापलीकडे उसात गेली, जिथे हेमलताबाई कधी गेल्या नव्हत्या, कारण तिथे माणसं होती, कुत्री होती, आणि लांडगा तिथे जात नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आठ दिवसांनी तडवींचा फोन आला. ऊस तोडताना टोळीच्या कुत्र्यांनी एक पिल्लू धरलं होतं. ते जगलं नाही. बाकीची तीनही, आई आणि दोन पिल्लं, दिसली नाहीत. "तुम्ही येऊन बघता का? नोंदीसाठी कुणीतरी ओळखायला हवं," तडवी म्हणाल्या.

बाई गेल्या. शेताच्या बांधावर गोणपाटावर ठेवलेलं पिल्लू त्यांनी पाहिलं. उजव्या पुढच्या पायाला पांढरा ठिपका होता. पंधरा दिवसांपूर्वी दुर्बिणीतून तो त्यांना दिसला होता. "तिचंच आहे," त्या म्हणाल्या आणि कागदावर सही केली. तडवींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ऊसतोडीतली एक बाई पुढे येऊन सांगू लागली, की कुत्र्यांना आवरायला ती धावली होती, पण पाचटात पाय अडकून पडली. तिचं कोपर सोललं होतं. हेमलताबाईंनी पर्समधून मलम काढून तिच्या कोपराला लावलं. दुसरं काही त्यांच्या हातात नव्हतं.

शनिवारचा वर्ग त्यांनी बंद केला. विद्यार्थ्यांना वाटलं, प्रकृतीमुळे असेल. कॅमेरा कपाटात गेला. हर्षल मात्र येत राहिला. तो आता फोटोबद्दल बोलत नसे. इकडचं तिकडचं बोलायचा आणि जाताना दारात उभा राहून म्हणायचा, "मी त्या दिवशी ते यंत्र उघडलंच नसतं, तर..."

"तू नसतं उघडलंस, तर दुसऱ्या कुणी उघडलं असतं," बाई दर वेळी म्हणायच्या. ते खरं होतं, आणि त्यानं दोघांचंही समाधान होत नसे.

मार्चच्या शेवटी, ऊन तापू लागलं तेव्हा त्या एकदा बोरमाळावर गेल्या. हात रिकामे. माळावर गाड्या नव्हत्या. भूवेधवर बोरमाळाची शक्यता आता चार टक्क्यांवर आली होती, त्यामुळे लोकांनी दुसरे माळ धरले होते. गवत वाळून पांढरं पडलं होतं. दूरवर चंडोल उंच चढून गात होता.

बिरूआण्णा हिवराच्या सावलीत बसले होते. बाई जवळ गेल्या तसे ते सरकले आणि त्यांना सावलीत जागा करून दिली. दोघांनी भाकरी खाल्ली. मेंढरांचं, पाण्याचं, आण्णांच्या गुडघ्याचं बोलणं झालं. उठायची वेळ झाली, तरी बाईंचा पाय निघेना.

"आण्णा," त्यांनी शेवटी विचारलं, "आहे का ती?"

समोरच्या मेंढरांकडे बघत आण्णा काठीच्या टोकानं माती उकरत राहिले.

"मला न्हाई दिसली," ते म्हणाले. "गेली आसंल कुठं तरी. का मेली, द्येवाला ठावं."

"या वर्षी मेंढरू गेलं का एखादं?"

"न्हाई. एक बी न्हाई."

हेमलताबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. उन्हानं रापलेला, सुरकुत्यांचा तो चेहरा नेहमीसारखाच होता. त्यावरून काहीच कळत नव्हतं. इतक्या वर्षांत हा माणूस त्यांच्याशी एकदाही खोटं बोलला नव्हता.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि फाट्याकडे चालू लागल्या. आण्णा आत्ता आपल्याशी खोटं बोलले असू देत, अशी प्रार्थना त्या रस्ताभर करत होत्या.